पाण्याची मूळ वाट

पावसाने उघडीप दिली त्याला नऊ दिवस झाले होते, आणि त्या नऊ दिवसांत थोरली एका जागी धड बसली नव्हती. घरात असली की तिला वाटे, शेतात आपल्यामागे काहीतरी चाललंय. शेतात गेली की वाटे, घरात आपल्यावाचून काहीतरी ठरतंय. दोन्ही खरं होतं, म्हणून तर चैन नव्हतं.

तिच्या मुलाने वरच्या आठ एकरांत प्लॉट पाडायला काढले होते. बारा प्लॉट, मधून रस्ता, कडेला गटार. तो ज्या फरशीच्या कारखान्यात मुकादम होता तो कारखाना शहरात हलणार होता. प्लॉटांना मंजुरी मिळाली तर इथेच राहून घरं बांधायची, नाही तर महिन्याअखेर बायकोला घेऊन शहर गाठायचं, असं त्याने जेवता जेवता सांगून टाकलं होतं. "तूही चल" असं थोरलीलाही म्हणाला होता. उठलेल्या पाहुण्याला आपण "जेवूनच जा" म्हणतो, तसं.

आणि मंजुरी अडली होती पाण्यावर. पावसाच्या पाण्याचा आराखडा जोडल्याशिवाय फाईल पुढे सरकणार नाही, असं कचेरीने कळवलं होतं. मुदत पंधरा दिवसांची. चुकली तर पुढची बैठक चार महिन्यांनी.

"पाण्याचा आराखडा!" थोरली तेव्हा म्हणाली होती. "उद्या वाऱ्याचा मागतील. आमच्या वेळी पाणी वरून पडायचं आणि खाली जायचं. कुणाला विचारत नव्हतं."

आराखडा करायला मुलाने शहरातून एक बाई आणली. तिशीची, पँट घातलेली, डोक्यावर सुपाएवढी टोपी. थोरलीने पहिल्याच दिवशी तिचं नाव टोपीवाली ठेवलं. तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण लावून टोपीवाली दोन दिवस जमिनीचे चढउतार मोजत फिरली. तिसऱ्या दिवशी वही काढून थोरलीसमोर उभी राहिली.

"आजी, या जमिनीवर पाणी कुठून येतं?"

"वरून."

"वरून म्हणजे?"

"आभाळातून. तुमच्याकडे कुठून येतं?"

मुलाने डोळे वटारले. टोपीवाली मात्र हसली. "आमच्याकडे नळातून येतं आजी, म्हणून तर तुम्हाला विचारते. आभाळातून आलं, मग पुढे?"

थोरलीला ती आवडली. आवडली म्हणूनच जरा धास्ती वाटली. मूर्ख माणसाला चकवणं सोपं असतं.

टोपीवालीने बांधावर बसून समजावलं. आज पाणी किती येतं आणि कुठून जातं, ते आधी लिहायचं. घरं झाल्यावर किती जाईल, तेही लिहायचं. आजच्यापेक्षा जास्त पाणी खालच्या माणसाच्या अंगावर सोडायचं नाही, हा मुख्य नियम. "आज माती आहे आजी, गवत आहे. पाणी रमतगमत जातं, निम्मं तर वाटेतच मुरतं. उद्या बारा छपरं होतील, डांबरी रस्ता होईल. तेच पाणी शाळा सुटल्यासारखं धावत सुटेल. दीडपट, दुप्पट. ते कुठेतरी थोपवायला हवं. तळं करून थोपवा, चर खणून मुरवा, काहीही करा."

"तळं किती मोठं?" मुलाने विचारलं.

"जमीन पाणी किती पिते त्यावर आहे. चार खड्डे घेऊ. खालच्या पट्टीत तळं घ्यावं लागलं तर तिथले तीन प्लॉट जातील."

मुलाचा चेहरा पडला. थोरलीचा पडला नाही, पण तिने उगाचच डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. खालच्या पट्टीचं नाव निघालं की गेली बावीस वर्षं ती असंच काहीतरी उगाच करायची.

खड्डे खणायला मुलगा आणि एक मजूर. कंबरभर खोल खणायचं, पाणी ओतून मुरू द्यायचं, पुन्हा भरायचं, मग खुणांची पट्टी उभी करून दर दहा मिनिटांनी पाणी किती उतरलं ते लिहायचं. पाणी ड्रमातून हातगाडीवर येत होतं. थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती बादल्या वाहू लागली. कमरेत कळ येत होती. बादली ठेवताना ती तोंडातल्या तोंडात नवऱ्याला शिवी द्यायची. तो मरून सात वर्षं झाली होती, पण सवय सुटली नव्हती.

पहिल्या तीन खड्ड्यांत चिकणमाती लागली. पाणी बोटभर उतरायला अर्धा तास. टोपीवाली मान हलवत होती. "तळं लागणार," ती म्हणाली.

चौथा खड्डा खालच्या पट्टीत. टोपीवालीने नकाशा पाहून काठी रोवली.

थोरलीने बादली खाली ठेवली.

त्या काठीखाली काय आहे आणि ते कुणी गाडलंय, ते आता जगात एकट्या तिला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी याच पट्टीतून ओढा वाहायचा. भावाभावांची वाटणी झाली, वरची जमीन थोरल्याला आली, खालचा तुकडा धाकट्याला. थोरल्याच्या वाट्यातली ऐन मोक्याची सपाट पट्टी मात्र ओढ्याने चिरलेली. उन्हाळ्यात ओढा आटला, आणि त्याच उन्हाळ्यात दीर-जाऊ बाळंतपणासाठी जावेच्या माहेरी गेले. थोरलीने नवऱ्याला बसू दिलं नाही. अकरा दिवस दोघं खपली; मुलगा तेव्हा चार वर्षांचा, त्याला काय कळणार. वरच्या वळणावर दगडमातीचा बांध घातला, ओढ्याचं तोंड पलीकडच्या उताराकडे फिरवलं, आणि जुनी वाट टोपली टोपली मातीने बुजवली. वरून नांगर फिरवला. दीर-जाऊ बाळ घेऊन आले तेव्हा तिथे उगवायचं तेवढं बाकी होतं. पावसाळ्यात ओढा आला तो थेट जावेच्या अंगणाच्या कडेने. पाण्याने वाट बदलली, असं सगळे म्हणाले. पाणी काय कुणाचं ऐकतं?

"तिथे नको," थोरली म्हणाली. "तिथे जुन्या झाडाचं खोड आहे गाडलेलं. कुदळ मोडेल. इकडे या." ती ठामपणे वीस पावलं चालत गेली आणि टाचेने माती दाबली. "इथे खणा."

"आजींना जमीन पाठ आहे," टोपीवाली म्हणाली.

"पाठ? या जमिनीला विचारा, मी तिला पाठ आहे."

गुडघाभर खणेपर्यंत माती. मांडीभर गेल्यावर फावडं खरखरलं. मजुराने मूठभर वर काढलं: वाळू, आणि तिच्यात लिंबाएवढे गुळगुळीत गोटे. थोरली खड्ड्यावर वाकली. मग तिला आठवलं. ओढा इथे वळत होता. सरळ नव्हता कधीच, इथे कोपर काढल्यासारखं वळण होतं, आणि तिथेच ती लग्न होऊन आल्यावर कपडे धुवायची. लपवायला निघाली आणि नेमका त्याच्या छातीवर पाय देऊन उभी राहिली. बावीस वर्षांत वळण तेवढं विसरली होती.

दोन ड्रम पाणी ओतलं. ते खड्ड्यात थांबलंच नाही. तहानलेल्या बैलाने ओढून घ्यावं तसं गेलं.

"अरे वा!" मुलगा म्हणाला. "पिते की जमीन!"

टोपीवाली खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली, गोटा हातात घेऊन फिरवला. "आजी, हे इथे कसे? हे तर वाहत्या पाण्याने घासलेले दिसतात."

थोरलीने एक श्वास घेतला. "आमच्या खालच्या पट्टीत असंच आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. देवाची करणी."

टोपीवालीने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीने नजर हलवली नाही. आयुष्यात तिने कुणासमोर हलवली नव्हती.

"ठीक आहे," टोपीवालीने वहीत लिहिलं. "पट्टीभर असं असेल तर तळं नको. कडेने मुरवणीचा चर पुरेल, उरलेलं पाणी आता वाहतोय त्याच ओढ्यात सोडू. बाराही प्लॉट राहतील. फक्त खालच्या जमीनमालकाची सही लागेल, की वरून पाणी सोडायला हरकत नाही."

"काकूची ना?" मुलगा म्हणाला. "ती देईल. आई, तूच जा. तुझं ऐकते ती."

त्या संध्याकाळी मुलगा बऱ्याच दिवसांनी हसत जेवला. सुनेने पुढच्या वर्षी कुठे परसबाग करायची ते बोलून दाखवलं. थोरलीने दोनदा वाढून घेतलं आणि दोन्हीदा टाकलं.

*

धाकट्या जावेचं घर हाकेच्या अंतरावर, पण थोरली तिथे वर्षातून चारदा जायची, आणि गेली तरी उंबऱ्याबाहेरूनच बोलायची. आज कागद होता, आत जावं लागलं.

धाकटी पोती शिवायची. आडत्याकडून फाटकी पोती आणायची, दाभण आणि सुतळीने शिवायची, शंभराचा गठ्ठा करून परत द्यायची. आतल्या खोलीत पोत्यांची थप्पी फळीवर, फळी विटांवर, खाट विटांवर, धान्याची कोठी विटांवर. भिंतींचा गिलावा मांडीएवढ्या उंचीपर्यंत गळून गेला होता.

"आत या जाऊबाई. नाही, तिथे नको, तिथे ओल आहे. खाटेवर बसा." धाकटीने पोतं अंथरलं. "इतके दिवस उघडीप आहे तरी वाळत नाही मेलं. तुम्हाला वास येत असेल."

"येतोय," थोरली म्हणाली. तिला दुसरं काही म्हणायचं होतं, पण तोंडाला वळणच तसं पडलेलं.

"आमच्या ह्यांनी जागा निवडली ती अशी. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. आठवतं ना? मी बाळंतीण, कडेवर पोर, अंगणात गुडघाभर पाणी, आणि तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, भावजी, घर बांधताना डोळे कुठे ठेवले होते." धाकटी हसली. "खरंच होतं. तुम्हाला पाण्याचं कळतं. आम्ही दोघं येडी."

थोरलीने कागदाची घडी उलटी केली, सुलटी केली.

"पावसाळ्यात खाटेवरच चूल मांडते मी. यंदा वाटतंय, अजून एक थर विटांचा घालावा. वर तुमची घरं होणार म्हणे?"

"होणार."

"मग पाणी कमी येईल की जास्त?"

प्रश्न साधा होता. थोरलीला टोपीवालीचं बोलणं आठवलं. शाळा सुटल्यासारखं. दुप्पट. तिने विटांचे थर मोजले. तीन होते. पाच लागतील. सहासुद्धा.

"ते... आराखडा केलाय. कचेरीतून बघतात ते."

"मग झालं तर. आणा इकडे, कुठे करायची सही?"

"वाचून घे आधी."

"तुम्ही वाचलंत ना?"

थोरली दुसरी शिकलेली. अक्षर अक्षर लावत वाचायची, आणि आपण वाचतो याचा तिला सोन्याच्या पाटल्यांपेक्षा जास्त अभिमान होता. "वाचलं," ती म्हणाली.

"मग मी कशाला डोळे शिणवू?" धाकटीने दाभण दातात धरलं, हात पदराला पुसले, आणि गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश सही केली. वर विचारलं, "चहा टाकू?"

"नको." थोरली उठली. इतक्या घाईने उठली की खाटेखालची वीट हलली.

*

कचेरीत खिडकीपुढे बारा माणसांची रांग. थोरली नवव्या नंबरावर. मुलगा मागे, हातात नकाशांची गुंडाळी. थोरली दर दोन मिनिटांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. पुढच्याने काही विचारलं की खिडकीतला कारकून "यादीत बघा" म्हणायचा, आणि यादी ज्या भिंतीवर लावली होती ती त्याच्या पाठीमागे होती.

"यादी बघायला तुम्हाला फिरवून बसवावं लागेल की," थोरली मोठ्याने म्हणाली. रांग हसली. मुलगा पुटपुटला, "आई, काम करून घ्यायचंय."

नंबर आला. कारकुनाने फाईल उघडली आणि एकेक कागदावर टिचकी मारत गेला. जमिनीचा नकाशा, आहे. चढउतार, आहेत. मातीची परीक्षा, चार खड्डे, आहे. पाण्याचा हिशेब, आधीचा आणि नंतरचा, आहे. चराचं चित्र. खालच्या मालकाची हरकत नाही, आहे. देखभाल कोण करणार, त्याचं नाव, आहे. "राहिलं शेवटचं. कुटुंबातल्या सर्वांत वडील खातेदाराचं प्रतिज्ञापत्र. तुम्हीच ना? इथे सही."

छापील कागद होता. थोरलीने तो उजेडाकडे धरला.

"वाचायची गरज नाही हो, सगळ्यांचं एकच असतं," कारकून म्हणाला.

"सगळ्यांच्या जमिनी पण एकच असतात का?" ती बोट फिरवत वाचू लागली. रांगेतल्या मागच्या माणसाने उसासा टाकला. ओठ हलत होते, आवाज अर्धवट फुटत होता. "...स-दर ज-मि-नी-तून वा-हणाऱ्या पा-ण्याचा मूळ मा-र्ग... व-ळ-व-ले-ला... बु-ज-व-ले-ला... किंवा अ-ड-व-ले-ला ना-ही..."

ती थांबली.

बुजवलेला. हा शब्द छापणाऱ्याने टोपलीभर माती कधी डोक्यावर घेतली असेल का? पण त्याला माहीत होतं. आपल्यासारखी माणसं असतात, हे त्याला कुठेतरी बसून माहीत होतं.

तिने पेन टेकवलं. उचललं. "पेन चालत नाही."

कारकुनाने दुसरं दिलं.

"हेही चालत नाही."

कारकुनाने तेच पेन घेऊन आपल्या तळहातावर रेघ ओढून दाखवली. निळी, ठसठशीत. "चालतंय की."

"आई, काय चाललंय?" मुलगा कानाशी म्हणाला.

थोरलीने कागद खिडकीतून आत सरकवला. "हे मी लिहून देणार नाही."

"का?"

"ओढा वळवलेला आहे. मी आणि माझ्या नवऱ्याने. अकरा दिवसांत. वर बांध घातला आणि खाली माती टाकली. चौथ्या खड्ड्यात वाळू लागली ती म्हणून. पट्टीभर वाळू नाही, फक्त ओढ्याच्या जुन्या वाटेत आहे. मी त्या बाईला खोटं सांगितलं."

रांगेत कुणीतरी शिट्टी घातल्यासारखा श्वास सोडला. कारकून पेन हातात धरून बसला. त्याच्या सगळ्या नोकरीत असं घडलं नसावं.

"अहो आजी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "असं इथे सांगायचं नसतं."

"मग कुठे सांगायचं असतं? त्याची खिडकी दाखवा."

त्याने फाईल मिटली आणि परत सरकवली. "आराखडा दुरुस्त करून आणा. चार दिवस आहेत."

मुलाने मोटारसायकल काढली. येताना खड्डे चुकवत आला होता, जाताना एकही चुकवला नाही. थोरली मागे दांडा धरून बसली होती, प्रत्येक धक्क्याला कंबर मोडत होती. ती कण्हली नाही. फाट्यावर त्याने गाडी थांबवून टोपीवालीला फोन लावला. बराच वेळ ऐकलं.

"तीन प्लॉट गेले," फोन ठेवून तो म्हणाला. "पाणी जुन्या वाटेला घ्यायचं, पट्टीत तळं. तळ्यातला गाळ दर वर्षी कोण काढणार त्याचं नाव पाहिजे. आणि आराखडा बदलला म्हणून काकूची नवी सही. चार दिवसांत." मग वळून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "अप्पा जिवंत असते तर कधी बोलले नसते."

"नसते," थोरली म्हणाली. "बोलायचं काम नेहमी मीच केलंय."

"सही करून टाकायची होती आई! कुणाला कळणार होतं?"

"गाडी चालव."

"मी महिन्याअखेर जाणार. नऊ प्लॉट होवोत नाही तर नव्वद."

थोरलीने दांड्यावरची पकड घट्ट केली, जणू तो आत्ताच चालला होता.

*

टोपीवालीने नवा कागद करून दिला त्या दिवशी धाकटी अंगणात पोतं शिवत बसली होती. थोरली उभ्यानेच बोलली. बसून बोलली असती तर मधे थांबली असती. माहेरी गेलात तो उन्हाळा. बांध. टोपल्या. नांगर. सगळं सांगितलं, एकही दिवस कमी केला नाही. नवऱ्यावर ढकलायचं मनात एकदा आलं, मेलेल्याला काय होतंय. पण तो नको म्हणत होता, हेही तिने सांगितलं.

धाकटीचं दाभण चालूच होतं. आत, बाहेर, सुतळी ओढायची, गाठ. थोरलीला वाटलं, ऐकलंच नाही की काय.

"मी ह्यांना काय काय बोलले," धाकटी शेवटी म्हणाली. पोत्याकडे बघूनच. "प्रत्येक पावसाळ्यात. पोरगी तापली, तुमच्यामुळे. धान्य नासलं, तुमच्यामुळे. लोकांनी चांगल्या जागा बघितल्या आणि तुम्ही डबकं बघितलंत. मरायच्या आदल्या आठवड्यात खोकत होते. म्हटलं, खोका आता, तुम्हीच निवडलीत जागा." तिने सुतळी ओढली ती तुटली. "ते काय म्हणाले माहितेय? चुकलं गं माझं, म्हणाले."

थोरलीने तुटलेल्या सुतळीचं टोक उचलून धाकटीपुढे धरलं.

"आणि तुम्ही दारात उभ्या राहून हसला होतात."

"हसले होते."

"आता कशाला आलात?"

थोरलीने नवा कागद पुढे केला. "या वेळी खरं लिहिलंय. पाणी जुन्या वाटेने जाईल. तुझ्याकडे थेंब येणार नाही."

धाकटीने कागदाला हात लावला नाही. "खोट्या कागदावर न वाचता केली मी सही. खऱ्यावर नाही करणार."

"अगं, तुझ्याच फायद्याचं आहे!"

"असू दे. बावीस वर्षं मी फायदा-तोटा तुम्हालाच विचारत आले." ती उठली. गुडघे वाजले. उंचीने ती थोरलीच्या खांद्याला लागायची, आज मान वर करून सरळ डोळ्यांत बघत होती. "कागदावरचं पाणी नको मला. बांध कुठे घातलात तो दाखवा."

"दाखवते. टोपीवाली यंत्र आणणार आहे, मंजुरी झाली की..."

"यंत्र आणलं होतंत तेव्हा?"

नव्हतं आणलं.

दोघी वरच्या वळणावर गेल्या. थोरली पुढे, वाटेत घरातून कुदळ आणि पहार घेऊन. बांधावर आता झुडपं वाढली होती, बघणाऱ्याला तो जमिनीचाच चढ वाटावा. पलीकडे घोट्याएवढं पाणी बांधाला घासून धाकटीच्या घराकडे चाललं होतं, उघडिपीतही. धाकटी बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. हाताची घडी. मदतीला आलेली नव्हती, आणि तसं तिने भासवलंही नाही.

थोरलीने पहिला घाव घातला. माती बावीस वर्षांची, दबून दगड झालेली. कुदळ उडाली, मनगटात झिणझिण्या आल्या. दुसरा घाव. तिसरा. दहाव्या घावाला श्वास लागला. विसाव्याला डोक्यावरचं फडकं सुटून पडलं, तिने उचललं नाही. दगड लागला तेव्हा पहार घालून त्यावर सगळं वजन टाकलं. दगड हलला, पण निघाला नाही.

सून धावत आली. हातात घमेलं. "आत्याबाई, अहो काय करताय, ह्या वयात..."

"वय तुझ्या नवऱ्याला सांग. माती उचल नाही तर बाजूला हो."

सुनेने एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा सासूकडे. काही न विचारता घमेलं खाली ठेवून हातांनी माती भरू लागली. खालच्या पट्टीत मुलगा दिसला. तो वर आला नाही. शेवटच्या तीन प्लॉटांच्या खुंट्या उपटत होता, एकेक उपटून लांब भिरकावत होता. रागाने की कामाने, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

ऊन डोक्यावरून कलतं झालं. पहारेखाली दगड एकदम सुटला, थोरली त्याच्याबरोबर बसकणच मारून पडली. सून धावली, पण थोरलीने हातानेच तिला अडवलं. फटीतून पाणी आत आलं. एक बारीक धार, मग वीतभर. नांगरलेल्या मातीत जरा वेळ घुटमळलं, इकडे गेलं, तिकडे गेलं, आणि थोरलीच्या शेतात पसरू लागलं. पण निम्मंच. उरलेलं अजून बांधाला वळसा घालून जुन्या सवयीने खाली धाकटीकडे चाललं होतं.

थोरलीने चिखलातून वर पाहिलं. तिची साल निघालेली बोटं पहारेला चिकटली होती. झालं की, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

धाकटी दोन पावलं पुढे आली. वाकली. फटीत डोकावून पाहिलं, मग आपल्या घराच्या बाजूला जाणारं पाणी पाहिलं, आणि पुन्हा सरळ झाली.

"अजून खोल," ती म्हणाली.

थोरलीने हातांवर थुंकून कुदळ उचलली.